तीन इंची पाईप आणि पॉलिशपेपर



गेल्या महिन्यात एका लग्नात ओळखीच्या ताईंनी मला बाजूला बोलावून विचारले, "भाऊ, आमच्या पोराला शाळेच्या प्रदर्शनाला रॉकेट पाहिजे. तालुक्याच्या दुकानात तयार मिळतंय म्हणतेत. घेऊ का?" ताईंचे यजमान मोंढ्यात हमाली करतात. त्या तयार रॉकेटची किंमत ऐकली तर त्यांच्या तीन-चार दिवसांच्या मजुरीएवढी. मी "घेऊ नका" एवढेच म्हणालो. पंगत बसत होती, जास्त बोलता आले नाही. राहिलेले बोलणे आज या सदरात करतो.

मी काही शास्त्रज्ञ नाही. बी.कॉम. झालेला माणूस, आयुष्य रजिस्टरे आणि पावतीपुस्तके यांत चाललेले. परंतु २०२३ साली आमच्या सिरसाळ्यात, विहाराच्या ओट्यावर भरणाऱ्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात, सात मुलांनी मिळून एक रॉकेट बनवले आणि त्या कामात मी मदतनीस होतो. मदत किती केली आणि घोळ किती घातला हे पुढे येईलच.

२३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ चंद्रावर उतरले. आम्ही सगळ्यांनी ते एका मोबाईलवर पाहिले, मागच्या मुलांना नुसता आवाजच ऐकू आला. दुसऱ्या दिवशी मुलांनी ठरवले की विज्ञान प्रदर्शनाला रॉकेट न्यायचे. अर्थात चांद्रयानाचेच. मी म्हणालो, आधी त्रैराशिक मांडा. ते रॉकेट, एलव्हीएम-३, साडेत्रेचाळीस मीटर उंच. मधला गाभा चार मीटर रुंद, बाजूचे दोन बूस्टर ३.२ मीटरचे. आपल्याकडे नळवाल्याकडून मागून आणलेला तीन इंची पीव्हीसी पाईप, बाहेरून मोजला तर ७५ मिलिमीटर. चार मीटर जर ७५ मिलिमीटरमध्ये बसवायचे तर प्रमाण साधारण त्रेपन्नास एक. मग उंची होते ८२ सेंटिमीटर, आणि बूस्टरला ६० मिलिमीटरचा पाईप लागतो. दुकानात ६३ चा मिळतो. चालून जाईल.

तेवढ्यात माझ्या पुतणीने (ती तेव्हा आठवीत होती) भारताच्या जुन्या रॉकेटांची यादी शोधून काढली. त्यात एक नाव होते आरएच-७५. आपल्या देशात बनवलेले पहिले रॉकेट, २० नोव्हेंबर १९६७ रोजी केरळातील थुंबा येथून उडालेले. त्याआधी २१ नोव्हेंबर १९६३ रोजी थुंब्याहून जे पहिले उडाले ते अमेरिकेकडून आलेले नाईक-अपाचे होते. आरएच-७५ मधला ७५ हा आकडा म्हणजे त्या रॉकेटचा व्यास, मिलिमीटरमध्ये. पुतणीने हातातल्या पाईपकडे पाहिले आणि विचारले, "काका, म्हणजे ते खरंच एवढंच होतं?"

होय, एवढेच होते. आज चंद्रावर यान पाठवणाऱ्या देशाचे पहिले रॉकेट आमच्या मोरीच्या पाईपाएवढे जाड होते. थुंब्यात तेव्हा इमारती नव्हत्या. मच्छीमारांच्या वस्तीतले मेरी मॅग्डलिन चर्च हीच कचेरी आणि तोच कारखाना. रॉकेटचे नाक सायकलच्या मागे धरून नेत असल्याचे त्या काळचे छायाचित्र आजही पाहायला मिळते. मुलांना ते दाखवले तेव्हा एकजण म्हणाला, सायकल तर आपल्याकडेपण आहे. त्याच बैठकीत ठरले की प्रमाण वगैरे काही नको, आरएच-७५ खऱ्या आकाराचेच करायचे. छायाचित्रावर पट्टी ठेवून जाडीच्या मानाने लांबी काढली आणि पाईप कापला.

आता कामाचे सांगतो, कारण पुष्कळ पालकांना वाटते की पाईप आणला, टोक लावले, रंग मारला की रॉकेट झाले. तसे केले तर ते रंगवलेला पाईपच दिसते.

पहिली अडचण नाकाची. लाकडाचे नाक खरादून घ्यायचे तर पैसे पडणार. माझी आई ओट्यावर बसलेली होती. ती म्हणाली, लगदा करा की. आमच्या लहानपणी घरोघरी जुन्या कागदाच्या लगद्याच्या टोपल्या व्हायच्या. कागद दोन दिवस भिजवायचा, भिजलेली मेथी वाटून त्यात घालायची म्हणजे चिकटपणा येतो आणि कीडही लागत नाही. मुलांनी तेल ओतायचे नरसाळे पालथे घालून, त्याला तेलाचा हात फिरवून, त्यावर लगदा थापला. पाच दिवस सावलीत सुकवला. उन्हात ठेवला असता तर तडकला असता, हे आईने आधीच बजावले होते. तरी सुकल्यावर तो आकसला, पाईपावर दोन पैशांच्या जाडीएवढी फट राहिली आणि अंगावर खडबडीत पुरळ उठल्यासारखा पृष्ठभाग आला.

पंखांसाठी सुताराकडचे प्लायवूडचे तुकडे मिळाले. चार पंख पाईपावर अगदी समान अंतरावर कसे बसवायचे? कागदाची पट्टी पाईपाभोवती गुंडाळायची, जिथे टोके मिळतात तिथे कापायची, आणि ती पट्टी दोनदा घडी घालायची. चार खुणा आपोआप मिळतात. त्या खुणांपासून सरळ रेघ ओढायची तर गोल पाईपावर पट्टी सरकते. म्हणून पाईप दाराच्या चौकटीच्या कोनात टेकवायचा आणि चौकटीच्या कडेने पेन्सिल ओढायची. हे मुलांना गावातल्या वेल्डरने शिकवले. पाईपाचा गुळगुळीतपणा आधी घासून काढला नाही तर एम-सीलसुद्धा धरत नाही, पंख दुसऱ्या दिवशी हातात येतो. आमचा एक आला.

आणि मग घासकाम. इथे मला एका मुलाविषयी लिहायचे आहे. सहावीतला. नाव मुद्दाम देत नाही. वर्गात फारसा बोलत नसे, गणितात यथातथाच. परंतु त्याच्या हातात पॉलिशपेपर दिला आणि पाहत राहिलो. आमच्या गावातले पेंटर, जे दुकानांच्या पाट्यांपासून जयंतीच्या फलकांपर्यंत सगळे रंगवतात, त्यांनी एक दिवस येऊन पद्धत सांगितली होती. आधी ८० नंबरचा कागद, मग १२०, मग २२०. फटींमध्ये लांबी भरायची. आम्ही खडूची पूड फेविकॉलमध्ये कालवून केली. सुकली की पुन्हा घासायची. कुठे खळगा राहिला हे डोळ्याला दिसत नाही, म्हणून अंगावर कोळशाची पूड हलकी चोळायची आणि वरून घासायचे. उंच भाग पांढरा होतो, खळग्यात काळे राहते. त्या काळ्यात पुन्हा लांबी. पेंटर सांगून गेले. बाकीची मुले दोन दिवसांत कंटाळली. हा पोरगा नऊ दिवस ते नाक घासत होता. कोळशाची पूड टाकायचा, घासायचा, डोळे मिटून त्यावर बोट फिरवायचा आणि म्हणायचा, "अजून हाय." प्लायवूडच्या कडेला जे बारीक छिद्र असते तेही त्याने भरले. पंखांच्या पुढच्या कडा त्याने गोल केल्या, मागच्या धारदार. वारा कापून जावा म्हणून हे मी पुस्तकातून वाचून दाखवले होते, एकदाच.

हे नुसते शोभेचे काम नाही हेही सांगितले पाहिजे. उडणाऱ्या रॉकेटचा पृष्ठभाग खडबडीत असला तर हवेचा अडथळा वाढतो आणि उंची कमी होते. रंगालाही वजन असते. अमेरिकेच्या स्पेस शटलची मोठी इंधनटाकी १९८१ सालच्या पहिल्या दोन उड्डाणांत पांढरी रंगवलेली होती. तिसऱ्या उड्डाणापासून, १९८२ मध्ये, त्यांनी रंग देणेच बंद केले आणि सुमारे २७० किलो वजन वाचवले. तेव्हापासून ती टाकी नारिंगी-तपकिरी दिसू लागली. रॉकेटांवर काळे-पांढरे पट्टे आणि चौकडे असतात तेही नक्षी म्हणून नव्हे. उडताना रॉकेट स्वतःभोवती किती फिरते हे लांबून आणि चित्रणात दिसावे यासाठी ते असतात. म्हणून मुलांनी शोध लावला की आपणही दोन पंख काळे आणि दोन पांढरे ठेवायचे.

दिवाळी आली. आमच्या भागात दिवाळी म्हणजे काय हे बीड जिल्ह्यातील वाचकांना सांगायला नको. मुकादमाची उचल आधीच घेतलेली असते, ट्रॅक्टर दारात लागतो आणि वस्त्या रिकाम्या होतात. त्या मुलाचे आईवडील दरवर्षी कारखान्यावर जातात. मी त्यांच्या घरी गेलो. म्हणालो, हंगामी वसतिगृहाची सोय आहे, आजीपाशी ठेवा, प्रदर्शन जवळ आले आहे. त्याचे वडील शांतपणे म्हणाले, "भाऊ, ठेवायला माझी ना नाही. पण आम्ही दोघं कोयत्यावर. पहाटं फडात गेल्यावर कोपीवर लहानीला कोण बघंल?" लहानी तेव्हा दोन वर्षांची. कार्यकर्त्याच्या तोंडी नेहमी उत्तर तयार असते असे लोकांना वाटते. माझ्याकडे त्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, आजही पुरते नाही.

जाताना तो पोरगा विहारावर आला. रॉकेट प्रायमरला तयार होते. त्याने मला बजावले, "काका, रंग पातळ द्या. पेंटर म्हणले होते, दोन हात पातळ, मधी पूर्ण वाळू द्यायचं."

आता माझा घोळ. प्रदर्शनाला चार दिवस राहिले. प्रायमर झाला होता, पांढऱ्या ऑइलपेंटचा पहिला हात मुलांनी दिला होता. कचेरीतून यायला मला उशीर झाला, मुले घरी गेली होती. मला वाटले, वेळ थोडा आहे, दुसरा हात आपणच देऊन टाकू. पहिला हात वरून वाळलेला दिसत होता, आत ओला होता. मी ब्रश भरून जाड हात दिला. थंडीचे दिवस, रात्री दव. सकाळी पाहतो तो नाकावरून रंगाचे ओघळ आलेले आणि अंगभर सुरकुत्या, म्हाताऱ्याच्या गालासारख्या. ओल्या थरावर दुसरा थर चढवला की वरचा थर आतल्याला सुरकुत्या पाडतो, हे त्यानंतर पेंटरनी समजावून सांगितले. नऊ दिवसांचे घासकाम मी एका रात्रीत झाकून टाकले होते.

मुले रडली नाहीत. मला तर रागावलीही नाहीत, त्याचेच जास्त वाईट वाटले. पुतणीने नुसते म्हटले, "काका, तुम्ही आता ब्रशला हात लावू नका." तीन मुलांनी पाण्यात भिजवायचा वॉटरपेपर आणून सगळा रंग खरवडला. खाली ते नाक तसेच होते, गुळगुळीत. मुलाने केलेले काम शाबूत होते. पुन्हा पातळ हात दिला आणि रॉकेट रात्री घरात, धान्याच्या कोठीजवळ, दव लागणार नाही असे ठेवले. दुसऱ्या हाताला वेळच उरला नाही. एकाच हातावर ते प्रदर्शनाला गेले. उजेडात तिरके धरले तर खालचा प्रायमर थोडा दिसायचा.

तो मुलगा कारखान्यावरून फोन करायचा. मुकादमाच्या फोनवरून, दोन मिनिटे. एकदा विचारले, "पंखाला काळा दिलाव का?" एकदा मी त्याला सांगितले की तुझ्या अंगणात आता जो कारखाना आहे ना, त्याची यंत्रे करणारेही रॉकेट करतात. ही खरी गोष्ट आहे. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यात वालचंदनगर आहे. तिथला कारखाना साखर कारखान्यांची यंत्रसामग्री बनवतो आणि इस्रोच्या रॉकेटांची कवचेही. चांद्रयान-३ नेणाऱ्या रॉकेटच्या बूस्टरचे भाग तिथून गेले. त्या कवचात भरायच्या घन इंधनाच्या कामाचा पाया ज्यांनी थुंब्यात घातला त्यांत पुण्याचे डॉ. वसंत गोवारीकर हे मोठे नाव. १९७९ ते १९८५ ते विक्रम साराभाई अंतराळ केंद्राचे संचालक होते. फोनवर एवढे सगळे सांगता आले नाही. कवच म्हणजे काय, असे त्याने विचारले. मी म्हणालो, आपला पाईप. पलीकडून हसू ऐकू आले.

प्रदर्शनाच्या अर्जाकडे येतो. अर्जात विद्यार्थ्यांच्या नावांना दोनच रकाने. सात मुलांत दोन नावे कोणाची? आणि जो मुलगा हजेरीपटावर गैरहजर, त्याचे नाव तर घालताच येत नाही, असे मला सांगण्यात आले. कारकुनी करणाऱ्या माणसाला रकान्याची ताकद ठाऊक असते. रकान्यात नाही म्हणजे ते घडलेच नाही. मी वाद घातला, उपयोग झाला नाही. मग मुलांनी तक्त्यावर स्वतःच एक यादी लिहिली: लगदा कोणी केला, पाईप कोणी कापला, पंख कोणी बसवले. घासकामापुढे त्या मुलाचे पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. अर्जाला नियम असतात, तक्त्याला कोणी विचारले नाही.

आमच्या टेबलाशेजारी एक झकास रॉकेट होते. विकत आणलेले, चकचकीत, बटण दाबले की खाली लाल दिवा लागायचा. परीक्षकांनी त्या मुलाला विचारले, पंख कशाला असतात? त्याला सांगता आले नाही. आमच्या मुलीने सांगितले आणि प्रात्यक्षिकही दाखवले. मुलांनी शीतपेयाच्या प्लास्टिकच्या बाटलीचे पाण्याचे रॉकेट करून नेले होते. जिथे ते रॉकेट आडवे तोलून राहते तिथे दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायचे. नाक पुढे करून फिरले तर उडतानाही सरळ जाईल. उलटसुलट झाले तर नाकात वजन वाढवायचे किंवा पंख मोठे करायचे. नंतर मैदानात सायकलच्या पंपाने हवा भरून, एक तृतीयांश पाणी ठेवून, ते उडवले. पंप मारणारा लांब उभा होता, नळी लांब घेतली होती. बाटली चिरलेली किंवा उन्हाने कडक झालेली नको, आणि काचेची तर कधीच नको.

क्रमांक लाल दिव्याच्या रॉकेटला मिळाला. असो.

एक गोष्ट मात्र आईबापांना हात जोडून सांगतो. दिवाळीत मोठी मुले फटाक्यांची दारू काढून पाईपात ठासतात. ते रॉकेट होत नाही, बाँब होतो. बोटे आणि डोळे जातात. अमेरिकेत हाच प्रकार फार चालायचा. तिथे नेब्रास्का राज्यात ऑर्विल कार्लाइल नावाचा माणूस होता, बुटांचे दुकान चालवणारा. त्याने १९५४ मध्ये कागदी नळीचे, हलक्या लाकडी पंखांचे, छत्रीने अलगद खाली येणारे रॉकेट बनवले. दारूची नळकांडी कारखान्यात भरलेली, मुलाने ती फक्त बसवायची. १९५७ साली हॅरी स्टाइन या रॉकेट-तंत्रज्ञाने मुलांच्या अशा घरगुती प्रयोगांतील धोक्यांवर लेख लिहिला, तो वाचून कार्लाइलने आपली रॉकेटे त्याच्याकडे पाठवली, आणि त्यातून छंदाच्या रॉकेटांचे संच तिकडे बाजारात आले. तिथली मुले तो संच आणून आठवडे-आठवडे घासतात, लांबी भरतात, रंगवतात. त्यांचाही पुष्कळ वेळ घासण्यात जातो. आपल्याकडे तशी नळकांडी खेळणी म्हणून दुकानात मिळत नाहीत, स्फोटकांचा कायदा कडक आहे. म्हणून आपल्यासाठी पाण्याचे रॉकेट आणि न उडणारी प्रतिकृती, हे दोनच मार्ग. खर्च सांगतो: पाईप, प्लायवूड आणि कागद फुकट; एम-सील, फेविकॉल, पॉलिशपेपर, प्रायमर आणि रंगाचे दोन लहान डबे एवढेच विकत. डबे अर्धे उरले. त्यातून विहाराची खिडकी रंगली.

ताई, तुमच्या पोराला माझ्याकडे पाठवा. नळवाल्याकडचा पाईप मी मागून ठेवतो. नाकाचा लगदा मात्र तुम्ही घरी करा, मेथी विसरू नका.

तो मुलगा २०२४ च्या एप्रिलमध्ये परत आला, उंच झालेला आणि काळवंडलेला. लहानीला कडेवर घेऊन थेट विहारावर आला. रॉकेट कोपऱ्यात उभे होते. त्याने तिला खाली ठेवले, रॉकेट आडवे धरले, डोळे मिटले आणि पंखाच्या कडेवरून बोट नेले. मग नाकावरून. एका जागी थांबला.

"इथं ब्रशचा केस अडकलाय," तो म्हणाला. "चारशे नंबरचा कागद हाय का?"